खीर-बाटी आणि प्रशांत महासागर

माझ्या तोंडात पान होतं. बाकी सगळं त्यातूनच झालं.

बँकेतून परतताना गल्लीच्या तोंडाशी पान लावून घ्यायचं आणि घर येईपर्यंत मौन पाळायचं, असा माझा रिवाज होता. बनारसी माणूस पान तोंडात धरून, हनुवटी वर करून, नुसत्या घशातल्या घशात बोलतो आणि समोरच्याला अक्षर न् अक्षर कळतं. जन्म इथेच गेल्यामुळे ही विद्या आपल्यालाही येते, अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी आमच्या गणेशोत्सवाचे चिटणीस समोरून आले. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले, कानाने जरा मंद.

"अरे, उद्याचा विषय सांगितला नाहीस अजून. फळ्यावर काय लिहू?"

मी मान वर केली आणि म्हणालो, "किरिबाटी."

निदान मी तरी तसंच म्हणालो.

काका थबकले. "तू स्वतः?"

मी मान डोलावली.

"सगळ्यांना?"

व्याख्यान सगळ्यांसाठीच असतं. मी पुन्हा मान डोलावली.

"प्रमोशनचं म्हणून का रे?"

हा प्रश्न मला जरा विचित्र वाटला. मला तेव्हा नुकतीच बढती मिळाली होती, हे खरं. पण तिचा प्रशांत महासागरातल्या एका देशाशी काय संबंध? विचारायचं तर पान थुंकावं लागलं असतं, आणि ते आत्ता कुठे रंगत होतं. मी तिसऱ्यांदा मान डोलावली. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "देव तुझं भलं करो," आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने दूधविनायक मोहल्ल्याच्या दिशेने गेले.

आमच्या दूधविनायकातल्या मराठी घरांचा गणेशोत्सव फार जुना, आणि त्यातली व्याख्यानं त्याहूनही जुनी वाटणारी. आदल्या वर्षी तर वक्त्याने "सभ्य स्त्रीपुरुषहो" म्हटल्यावर हॉलमधल्या एकुलत्या एका स्त्रीने मागे वळून बघितलं होतं. मंडळाचा खजिनदार तरुण होता, चौकात त्याचं कॅसेटचं दुकान होतं. आईशी मराठी आणि जगाशी हिंदी बोलणारा. त्याने बैठकीत स्पष्टच सांगितलं, "काका, बुरा मानू नका, पण व्याख्यान आता चलत नाही. या साली हॉल भरला तर ठीक, नाही तर पुढच्या साली आर्केस्ट्रा."

काका हातातल्या फळा पुसायच्या फडक्याची घडी घालत बसले. ही व्याख्यानं त्यांनी जन्मभर सांभाळली होती. वक्त्याला आणायला स्टेशनवर जायचं, त्याची वळकटी स्वतः उचलायची, त्याला घरी जेवू घालायचं, आणि श्रोते आले नाहीत तर समोर एकट्याने बसून सगळं ऐकायचं, तेही कमी ऐकू येत असताना. त्या वर्षी शेवटच्या दिवशीच्या पाहुण्या वक्त्याने ऐन वेळी नाही म्हणून कळवलं, आणि नाइलाजाने माझी वर्णी लागली.

विषय निवडताना मी एकच धोरण ठेवलं. काशीत बोलणं सोपं नाही. इथे गल्लीगल्लीत विद्वान. वेदांतावर बोलावं तर पहिल्या रांगेतून वेदांती उठतो, संगीतावर बोलावं तर तबलजी उठतो. तेव्हा ज्याबद्दल काशीत एकालाही काही माहीत नाही असा विषय हवा होता. वर्तमानपत्रात कुठेतरी कोपऱ्यात वाचलं होतं की किरिबाटी नावाच्या एका बेटांच्या देशाने आपल्या अर्ध्या भागातला एक दिवसच कॅलेंडरातून गाळून टाकला. मी वाचनालयात जाऊन त्या देशाचा भूगोल, राज्यकारभार आणि अर्थव्यवस्था टिपून आणली आणि निर्धास्त झालो. आक्षेप घ्यायला कोण येतंय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नकाशाची सुरळी काखेत मारून हॉलवर पोचलो, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. मला वाटलं कुणी गेलं. आत डोकावलो तर बसायला जागा नाही. एरवी गणपतीलाही न येणारी माणसं आली होती. मला एकदम भरून आलं. माणसाने इतकी वर्षं कर्जाचे अर्ज तपासत बसावं आणि आपल्या नावाला एवढी गर्दी होते हे त्याला कळूही नये, असं मनात येतंय तोवर माझं लक्ष फळ्याकडे गेलं. काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

"बढतीप्रीत्यर्थ खीर-बाटी. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे."

आणि खाली, बारीक अक्षरात: "तत्पूर्वी व्याख्यान."

बायकांच्या बाजूला माझी पत्नी बसली होती. ती शिकवते त्या शाळेतून परस्पर आली होती, म्हणजे तिलाही हे आत्ताच कळत होतं. तिने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नकाशाकडे बघितलं.

काका लगबगीने आले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "बघितलंस? पायरीवरसुद्धा बसलेत. खजिनदार दाराशी उभा राहून बघतोय. बाटी मागून येतेय ना?"

आता खरं सांगावं, तर गर्दी उठणार. गर्दी उठली की पुढल्या वर्षी आर्केस्ट्रा. मी काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येईल."

माझ्या पत्नीचे कान तिखट. ती उठली, शेजारच्या वहिनींना हाताला धरून उठवलं, आणि दोघी बाहेर पडल्या. ही आता घरी गेली की थेट नागपूरला माहेरी, एवढाच प्रश्न होता.

मी माइकपुढे उभा राहिलो. "मंडळी, आजचा विषय किरिबाटी. हा एक देश आहे."

पहिल्या रांगेतल्या आजी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे खायचं नाही?"

"खायचं आहे, आजी. आधी देश, मग खाणं."

"होऊ द्या मग लवकर."

मी भूगोल सुरू केला. म्हटलं, हा देश म्हणजे प्रशांत महासागरात विखुरलेली बेटं. जमीन सगळी गोळा केली तर फार तर तालुका भरेल, पण तिच्याभोवतीचा त्यांचा समुद्र आपल्या सबंध भारताएवढा. आणि उंची इतकी कमी की आपण पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर येतो ना, तेवढ्यात त्यांचं जवळजवळ प्रत्येक बेट खाली राहिलं.

"मग पुरात काय करतात?" मागून कुणीतरी विचारलं.

"पूर नाही. नदीच नाही तिथे."

हे ऐकून आजींनी डबा बाजूला ठेवला. "एकपण नाही?"

"एकपण नाही. विहिरीचं पाणी."

"अरे राम," आजी म्हणाल्या, आणि शेजारणीकडे वळून, "तरी आपण म्हणतो नळाला पाणी नाही."

राज्यकारभाराकडे वळलो. लोक आधी संसद निवडतात, संसद आपल्यातून तीनचार नावं पुढे करते आणि त्यातून लोकच अध्यक्ष निवडतात. आणि गावोगावी एक मोठी चावडी असते, तिला मानेआबा म्हणतात.

"कोण माने?" आजींनी विचारलं. "साताऱ्याचे का?"

"माणूस नाही हो आजी, चावडी. चावडीचं नाव मानेआबा."

"चावडी त्यांच्या नावाची असेल. देणगी दिली असेल आबांनी."

मी पुढे गेलो. म्हटलं, या चावडीत प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेली असते, दुसऱ्याने तिथे बसायचं नाही. यावर सगळा हॉल उजवीकडच्या खांबाकडे बघून हसला. त्या खांबाला टेकून आमच्या गल्लीतले वैदिक गुरुजी बसले होते. त्यांचे वडीलही त्याच खांबाला टेकून बसायचे, आणि दुसरं कुणी टेकलं तर गुरुजी त्याच्यासमोर नुसते उभे राहायचे. "व्यवस्था उत्तम आहे त्यांची," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

अर्थव्यवस्थेत सुरुवातीला अडचण आली. तिथल्या एका बेटावर फॉस्फेटची खाण होती, आणि हे फॉस्फेट पक्ष्यांच्या शिटेपासून साठलं असं मानतात. इंग्रजांनी ते खणखणून नेलं आणि संपत आल्यावर देश स्वतंत्र केला. यावर खजिनदार दारातूनच म्हणाला, "चाचा, आपल्या गल्लीत कबूतर काय कमी आहेत? आपण अजून गरीब कसे?" हा हशा बराच वेळ चालला. मग मी सांगितलं की आता त्यांची मिळकत म्हणजे सुकं खोबरं, परदेशी जहाजांवर नोकरी करणारे खलाशी आणि मासे. पण मासे ते स्वतः फारसे धरत नाहीत. आमच्या समुद्रात येऊन धरा आणि त्याचे पैसे भरा, असं ते मोठ्या देशांना सांगतात.

"म्हणजे घाटावरच्या पंड्यांसारखं," गुरुजी म्हणाले. "गंगा देवाची, भाविक परगावचा, छत्री आपली, दक्षिणाही आपली."

इतकं चपखल मला वाचनालयातही मिळालं नव्हतं. आता फक्त तो गाळलेला दिवस उरला होता. म्हटलं, तारखेची रेघ या देशाच्या मधून जायची. पश्चिमेकडे सोमवार तर पूर्वेकडे अजून रविवार. दोन्हीकडची ऑफिसं एकदम उघडी असायची ती आठवड्यातून चारच दिवस. बँकेतल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल. शेवटी सरकारने ती रेघ देशाच्या पलीकडे ढकलली, आणि पूर्वेच्या बेटांवर नव्या वर्षाच्या तोंडाशी एक अख्खा दिवस झालाच नाही.

गुरुजी खांब सोडून ताठ बसले. हे मी प्रथमच पाहत होतो.

"झाला नाही म्हणजे?"

"गाळला. आदल्या दिवशी झोपले, उठले ते थेट परवात."

"आणि त्या दिवशी ज्याच्या वडिलांचं श्राद्ध असेल त्याने काय करायचं?"

काशीत कुणालाही माहीत नसलेला विषय म्हणून मी जो निवडला होता, तो तिथे संपला. पितृपक्ष तोंडावर आला होता आणि हॉलमधले निम्मे लोक याच उद्योगातले होते. एक म्हणाला, क्षयतिथी धरावी आणि आदल्या दिवशी करावं. दुसरा म्हणाला, तिथी चंद्राची आहे, सरकारची नाही. सरकारने वार गाळला, चंद्र कुठे गाळला? गुरुजींनी दोघांनाही थांबवलं आणि विचारलं, सूर्योदय झाला होता की नाही ते आधी सांगा. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, झाला असावा. "असावा म्हणजे काय?" गुरुजी म्हणाले. "व्याख्यान देताय ना?"

मग आजींनी विचारलं की होडीत बसून पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं तर एकादशी चुकवता आली असती का. यावर बायकांमध्ये दोन तट पडले. पायरीवरचे लोक आत सरकले. कुणाला बाटीची आठवण राहिली नव्हती. काका हाताचा द्रोण कानामागे धरून या टोकाकडून त्या टोकाकडे बघत होते. त्यांना काही ऐकू येत असेल असं वाटत नाही, पण डोळ्यांतून पाणी येत होतं.

पुढे कधीतरी कळलं की तिथले लोक त्या नावाचा उच्चार किरिबास असा करतात. मी तसा केला असता, तर काकांना फळ्यावर काही लिहिताच आलं नसतं.

वाद ऐन रंगात असताना पत्नी दारात उभी राहिली. मागे वहिनी, आणि दोघींच्या मध्ये आमच्या घरची सगळ्यात मोठी परात. तिच्यात खवलेलं ओलं खोबरं आणि साखर, शिगोशीग. उत्सवात देवापुढे आलेले नारळ मंडळाच्या कोठीत पडून होते, ते तिने फोडले होते. वरून घातलेल्या वेलचीचा वास येत होता. तिने माझ्याकडे न बघता सभेला सांगितलं, "त्या देशात गहू होत नाही, त्यामुळे बाटी नाही. म्हशी नाहीत, त्यामुळे खीर नाही. नारळ होतो. ही तिकडची खिरापत."

आजींनी डबा पुढे केला. "घाल. मानेआबा हेच खात असतील."

परात रिकामी झाली तरी सूर्योदयाचा निकाल लागला नव्हता. खजिनदार काकांजवळ आला आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "काका, पुढच्या साली पण भूगोलच ठेवा." काकांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मला वाटतं, पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. मग त्यांनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की पुढल्या वर्षी शेवटच्या दिवशी वक्ता हाच, देश दुसरा.

परतताना रिकामी परात माझ्या डोक्यावर होती. पत्नी शेजारून, नारळ खवून भरून आलेला आपला उजवा खांदा दाबत चालत होती. अमृतराव घाटाकडे उतरणारं वळण आलं. मी म्हणालो, काकांची व्याख्यानं वाचली बघ. ती म्हणाली, "वाचली ना, चांगलं झालं. आता पुढच्या वर्षीचा देश तांदळाचा बघा. पोहे करून मोकळी होईन."