आधी आलेलं आधी

वहिनीचा फोन सकाळी पावणेनऊला आला. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. ती एवढंच म्हणाली, "कुंदा, तुझ्या दादाले दवाखान्यात आणलं वं. तू ये." आवाज इतका सपाट होता की मी काही विचारलंच नाही. सावनेरच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढली आहेत मी. रडत-ओरडत येणाऱ्या नातेवाइकांना अजून आशा असते. असं शांत बोलणाऱ्यांची ती संपलेली असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. गॅस बंद केला, साडी बदलली आणि नागपूरची बस धरली. तासाभराचा रस्ता. बसमध्ये मला रडू आलं नाही. डोक्यात सारखा एकच वेडा विचार घोळत होता, की आता तो एवढा गहू कोण खाणार...

मधुकरदादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. स्वभावानं म्हणाल तर जन्मजात स्टोअरकीपर. कंपनीच्या बसची वेळ सहा चाळीसची, तर हा सहा वीसला चौकात उभा. गोदामात नट-बोल्टपासून रंगाच्या डब्यापर्यंत प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर ती आल्याची तारीख. नियम एकच, आधी आलेलं आधी बाहेर जाईल. नवा माल आला की मागे ठेवायचा, जुना पुढे सरकवायचा. घरीही तेच. मी दहावीला असताना त्याच्याकडे शिकायला होते, तेव्हा माझ्या वह्यासुद्धा तो त्याच क्रमानं रचायचा. माझ्या वेण्या वहिनी घालायची, तिच्या नव्या संसारात मी आयतं लेकरू होते. ती मला हळूच सांगायची, "तुझ्या दादाच्या हाती असतं ना, तं आधी तुले नांदाले धाडून मंग मले आनलं असतं. आधी आलेलं आधी!" दादाला ऐकू जायचं, पण तो हसायचा नाही. त्याला ते पटलेलं असायचं.

एके दिवशी सकाळी गेलेली कंपनीची बस दहाच्या आत परत आली. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप. कोणाला सूचना नाही, कागद नाही. दादा डबा तसाच घेऊन घरी आला आणि दुपारी तोच डबा घरी बसून खाल्ला. पुढे सात महिने घरात पगार आला नाही. ते सात महिने निघाले ते वहिनीनं उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या वर्षाच्या धान्यावर. आपल्याकडे सगळ्याच बाया भरतात तसंच, गहू उन्हं दाखवून कोठीत, डाळीला एरंडेलाचा हात, मध्ये कडुलिंबाचा पाला. तिनं काही संकट ओळखून भरलं नव्हतं. पण दादाच्या मनानं ते तसंच धरलं. मी एकदा म्हटलं, "दादा, झालं गेलं, आता दुसरी नोकरी लागली ना तुले?" तो म्हणाला, "कंपनी बंद कराले एक कुलूप लागलं कुंदा. देश बंद कराले किती लागतात, सांग बरं?"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. दादा पाणीही फुंकून प्यायला लागला. प्रताप नगरातल्या त्या घराची मागची खोली पुढल्या काही वर्षांत भरत गेली. गहू, तांदूळ, तूर, मीठ, काडेपेट्या, मेणबत्त्या, साबण, पाण्याची पिंपं. पेपरमध्ये कुठल्याशा परदेशातली बँक बुडाल्याची बातमी आली की याचं एक पोतं वाढायचं. प्रत्येक डब्याला पुठ्ठ्याचं कार्ड. दरवर्षी आमच्या शेतातली नवी तूरडाळ मी घेऊन जायची. दादा ती हातात घेऊन वास घ्यायचा, खूश व्हायचा, कार्ड अडकवून मागे ठेवायचा आणि मला जेवायला वाढायची ती मीच गेल्या वर्षी आणलेली डाळ! नवा तांदूळ दारात येऊनही त्या घरात नव्या तांदळाचा भात कोणी खाल्ला नाही. वहिनीला नव्या बासमतीचा, आंबेमोहोराचा वास फार आवडतो. ती नुसता वास घ्यायची. मी त्या खोलीला 'रेशन दुकान' म्हणायची. "दादा, प्रलय आला की सावनेरले एक पोतं पाठवजो," म्हणायची. तो गंभीरपणे सांगायचा, "पाठवन. पण पेट्रोल नसन ना तेव्हा."

मग लॉकडाऊन आलं आणि माझं तोंड बंद झालं. गल्लीत लोक पिठासाठी वणवण करत होते, तेव्हा दादाच्या घरातून शेजारच्या चार घरांना दळण गेलं, तेही जुन्या तारखेचं आधी. त्या दिवसांत त्याचा चेहरा मी फोनवर पाहिला, इतका समाधानी तो पुन्हा कधी दिसला नाही. पण दुसऱ्या लाटेत वहिनी आजारी पडली. ऑक्सिजन उतरत चालला आणि दादा खुर्चीत बसून फोन लावत राहिला. बेड नाही. सिलिंडर नाही. तीन दिवस. मागे खोलीभर धान्य होतं आणि पुढे बाई श्वासासाठी धडपडत होती. ती वाचली, नशिबानं म्हणा. बरी झाल्यावर तो मला म्हणाला, "गहू कामी नाही आला वं, कुंदा." मला वाटलं, आता याचं हे वेड सुटणार. कसलं सुटतं! त्यानं नुसतं खातं बदललं. धान्याच्या जागी औषधं आली.

ताप, जुलाब, साखर, रक्तदाब, पट्ट्या, सलाईनच्या नळ्या... जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीतलं कपाट औषधांनी भरलं. त्यातच दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, पुढेमागे ऑपरेशन लागेल म्हणाले, आणि तोवर दुखलं तर जिभेखाली धरायच्या गोळ्या दिल्या. तपासण्या त्यानं लांबवल्या. आम्ही भांडलो त्यावरून. "वेळ येईन तेव्हा पाहू," हे त्याचं उत्तर. ज्या माणसानं आयुष्यभर वेळ येण्याचीच तयारी केली, त्याला स्वतःची वेळ आलेली काही ओळखता आली नाही. राग येतो मला. अजूनही येतो. गोळ्या मात्र त्यानं भरपूर आणल्या आणि जागोजागी ठेवल्या, एक पाकीट कपाटात, एक उशीजवळ, एक स्कूटरच्या डिक्कीत.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या मे महिन्यात मी नागपूरला गेले होते. दुपारी एकला दादानं मला स्कूटरवरून बस स्टॉपवर सोडलं. डिक्कीतून माझी पिशवी काढताना ते पाकीट माझ्या हाताला लागलं. चटका बसला. नागपूरचा मे, डिक्की म्हणजे भट्टीच. मी नर्स आहे. त्या गोळ्या गार, कोरड्या जागी ठेवायच्या, उष्णतेनं त्यांचा जोर जातो, हे मी शंभर पेशंटांना सांगितलं असेल. आणि माझ्या भावाला मी काय म्हणाले? "दादा, गोळ्या भाजून काढतो का रे?" तो म्हणाला, "राहू दे, रस्त्यात लागल्या तं." समोरून बस आली. मी हसत चढले. एवढंच. फेकून दे म्हणाले नाही, घरी जाऊन फोनही केला नाही.

उन्हाळा संपल्यावर त्यानं डिक्कीत नवं पाकीट ठेवलं आणि जुनं घरी आणलं. नियमाप्रमाणे ते कपाटात सगळ्यांत पुढे गेलं. दिवाळीच्या आधीच्या त्या सकाळी तो अंघोळ करून पेपर घेऊन बसला आणि छाती धरून खाली वाकला. वहिनी कपाटाकडे धावली. चाळीस वर्षांची सवय. हात मागे गेलाच नाही, पुढचं पाकीट उचललं. एक गोळी जिभेखाली दिली. पाच मिनिटांनी दुसरी. काही फरक पडेना, तेव्हा तिनं शेजाऱ्यांना हाक मारली. चौकाच्या पुढे, गाडीतच, दादा गेला. कपाटात त्या पाकिटाच्या मागे असलेली तीन पाकिटं महिन्याभरापूर्वीच आणलेली होती.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. संध्याकाळी घरी टेबलावर ते पाकीट दिसलं. कडा उन्हानं वाकलेल्या, छपाई उडालेली. पाहताक्षणी ओळखलं. मी ते उचलून पदरात बांधलं आणि तेरवीनंतर सावनेरला नेऊन जाळलं. कोणासाठी जाळलं, वहिनीसाठी की माझ्यासाठी? आज खरं सांगायचं तर माझ्यासाठीच.

दहाव्याला बायका गेल्यावर वहिनीनं मला विचारलं, "कुंदा, मी पुढची दिली. मागची दिली असती तं?" मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मी डॉक्टरांशी बोलली वहिनी. झटकाच एवढा मोठा होता, अमृत दिलं असतं तरी काही झालं नसतं."  तिनं मान हलवली आणि त्या रात्री ती पहिल्यांदा झोपली. मी डॉक्टरांना भेटलेही नव्हते.

खोटं बोलण्याचं मला वाईट वाटलं नाही. दवाखान्यात आम्ही असं खोटं बोलतोच. पण ते मला पचेना. शेवटी दोन महिन्यांनी मी खरंच डॉक्टरांकडे गेले. देवानं माझं खोटं खरं करावं, एवढीच इच्छा होती. सगळं सांगितलं, डिक्कीसुद्धा.  ते म्हणाले, "सिस्टर, सांगता येत नाही. कदाचित हेच झालं असतं. कदाचित दवाखान्यापर्यंत पोचलेही असते. मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

तिथून मी रिक्षा करून प्रताप नगरला गेले. वाटेत ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. वहिनी पोळ्या करत होती. मी पाट ओढून तिच्याशेजारी बसले आणि बोलून गेले. डॉक्टरांकडे आधी गेलेच नव्हते, आज गेले, ते असं म्हणाले. पाकीट मी जाळलं. ती पोळी लाटत राहिली. लाटणं थांबलं नाही.

"मले माहीत होतं तू इचारलं नाही म्हनून," ती म्हणाली. "दहाव्यापर्यंत तू घराच्या बाहेर तरी गेली होती का? पन तू नर्स होय. म्हटलं, धरून चालू. तेवढ्यावर दोन महिने निघाले माये."

 तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा तिनं ती उलटवली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "ते पाकीट पाहून तू दचकली होती. मी पाहून राहिली होती दारातून. तुले माहीत होतं ना ते कुठचं?"

"हो," मी म्हटलं. "मे महिन्यात हात लावला होता मी त्याले. गरम होतं. मले समजलं होतं, वहिनी. मी बोलली नाही."

तिनं गॅस बारीक केला. मला वाटलं, आता ही मला उठ म्हणेल. तिचा तो हक्क होता. मी उठलेही असते, आणि पुन्हा त्या घराची पायरी चढायची हिंमत मला झाली नसती. बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मेथी, पालक, सांभार... 

"म्हंजे तू पाहिली, अन् मी दिली," ती शेवटी म्हणाली. "एकटीनं दिली, असं वाटून राहिलं होतं मले एवढे दिवस. आता दोघींनी दिली म्हनू."

मग तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेव."