सुभेदारांची अकरा माणसं

सुभेदारसाहेबांना घाई करताना कोणी पाहिलं नाही. पार्सलचा धंदा धावपळीचा. पण राजवाड्यामागच्या ऑफिसात ते रोज परेडला निघाल्यासारखे एकाच चालीनं येत. फौजेतून निवृत्त झाल्यावर महूहून इंदूरला येऊन त्यांनी ही कंपनी काढली आणि तिला दिवंगत पत्नीचं नाव दिलं. मी तिथं काउंटरवर पावत्या लिहायची. माझी पहिलीच नोकरी.

तेव्हा शहरातल्या मिला एकेक करून बंद पडत होत्या. साहेबांनी मिलमधून बाहेर पडलेली अकरा माणसं कामावर घेतली, सगळी चाळिशी उलटलेली. तरुण पोरं का नाही घेतली, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, पंचवीस साल जो भोंग्यावर उठला, त्याला टाइम शिकवावा लागत नाही."

पार्सल शेजारी ठेवून यायचं नाही, हा त्यांचा कायदा. "ज्याचं नाव, त्याचाच हात. तो नसेल तर परत जायचं, बस." अकरा जणांत सर्वांत वयस्कर किसनदादा, पूर्वीचे विणकर. एकाच घरी ते सायकलवरून चार वेळा गेले. चौथ्या वेळी घरच्या बाईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. व्यापाऱ्यांचा विश्वास अशानंच बसला. सांवेर रोडवर नवे कारखाने आले, मशीनचे सुटे भाग आमच्याकडून जाऊ लागले. सायकलींच्या जोडीला टेम्पो आले, देवास-उज्जैनला ऑफिसं झाली. साहेबांनी स्वतःसाठी केबिन मात्र केली नाही.

मग मुंबईची एक मोठी कुरिअर कंपनी शहरात उतरली. काचेचं ऑफिस, कॉम्प्युटर, दुसऱ्या दिवशी दिल्लीला माल. त्यांचा अधिकारी आमच्याकडे आला. कंपनी आम्ही घेतो, तुम्ही मॅनेजर राहा, म्हणाला. फक्त पस्तिशीच्या वरची माणसं नकोत. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "माणसं काढली तर उरली फक्त पाटी. ती हवी तर घेऊन जा."

तो गेल्यावर किसनदादा म्हणाले, "साहेब, हां म्हणून टाका ना. आमचं काय, बघू काहीतरी."

"नाही म्हणालो ना," साहेब म्हणाले.

ते चुकले, असं मला तेव्हाही वाटलं होतं. वर्षभरात सांवेर रोडची गिऱ्हाइकं तिकडे गेली. कंपनी बुडायची थांबली नाही आणि माणसांची नोकरीही जाणारच होती. मी वाट पाहिली नाही. त्या मुंबईच्या कंपनीतच मला जागा मिळाली. साहेबांनी माझा राजीनामा उभ्यानंच वाचला आणि न मागता शिफारसपत्र लिहून दिलं.

पुढे ऑफिसला कुलूप लागलं. साहेब सांवेर रोडवर कारखान्या-कारखान्यांत जाऊन आपल्या माणसांसाठी शब्द टाकत होते. कोणी चौकीदार झाला, कोणी गोदामात लागला. दहा जणांची सोय झाल्याचं कानावर आलं.

एके दुपारी ते माझ्या नव्या काउंटरसमोर रांगेत उभे दिसले. नंबर आल्यावर त्यांनी एक अर्ज पुढे केला. किसनदादांचा होता.

"साहेब, वयाची अट आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे, बाई. विचारून बघितलं."

त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि नेहमीच्या चालीनं बाहेर गेले. मी उठून दारापर्यंत गेले नाही. मागच्या माणसानं तोवर आपलं पार्सल काउंटरवर ठेवलं होतं.