नकल टाळायचं काम

१२ सप्टेंबर १९९८ रोजी एकनाथ चुरी यांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले २,७४० रुपये मुलाच्या हातावर ठेवले. त्या पैशांत दर्शनने मुंबईहून एक चिंचोळी हिरवी पट्टी आणली. ती कॉम्प्युटरची मेमरी. एकनाथरावांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पावती जपून ठेवली.

राहायला डहाणूत असले तरी एकतीस वर्षं ते तलासरीच्या एका कचेरीत दप्तर सांभाळत होते. काम एकच, जुन्या जमिनीच्या कागदांच्या नकला करून देणं. झरीकडच्या कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीत त्यांच्या हातचं अक्षर सापडलं असतं. आणि मुलाने नेमकं नकल टाळायचं काम पत्करलं होतं.

"नेटवर्कवरून आलेली माहिती कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आधी एका कप्प्यात घेतो," दर्शन जेवताना सांगत होता. "मग प्रोग्रॅमसाठी ती दुसऱ्या कप्प्यात उतरवतो. वेळ जातो तो तिथे. मी मूळ कप्पाच दोन प्रोग्रॅमच्या हाती देतो. एक माहिती पुढे पाठवतो, दुसरा नोंद ठेवतो. नकल नाहीच."

"म्हणजे आमचं खातंच बुडवलंस."

"बुडू दे," सुधाताई भात वाढत म्हणाल्या. "एकतीस वर्षांत त्या खात्याने एक पंखा दिला नाही."

काम मुंबईच्या एका छोट्या कंपनीचं. तिथल्या दीप्ती मॅडमनी बजावलं होतं: सोमवारी दहापर्यंत प्रोग्रॅम चालला नाही, तर काम पुण्याच्या माणसाला. त्यानंतर दर्शनला गंजाडच्या पोल्ट्रीत अंडी मोजायची जागा होती. ती मामांनी धरूनच ठेवली होती.

शनिवारी चाचणीचा कागद छापून निघाला. अर्ध्या तासापुढे सगळा गोंधळ. एका निरोपाचं डोकं, दुसऱ्याचं शेपूट.

एकनाथरावांनी चष्मा लावला. हा घोळ त्यांच्या ओळखीचा होता. चौऱ्याऐंशी साली एकाच पेटीतले कागद दोन कारकून वाचत होते. पहिला उठला, तसे पांड्या शिपायाने पेटीत नवे कागद भरले, आणि दुसऱ्याने लाहू नावाच्या शेतकऱ्याच्या शेताला भलत्याच्याच हद्दी लिहून टाकल्या.

"कप्पा रिकामा झाला, असं सांगतं कोण?" त्यांनी विचारलं.

"पहिला प्रोग्रॅम. माहिती पुढे पाठवून झाली की."

"आणि दुसरा, नोंद ठेवणारा?"

"तो लगेच वाचतो, पप्पा."

"पांड्यापण हेच म्हणाला होता."

"ही सेकंदाला माहितीची हजारो पाकिटं आहेत. तुमची तलासरी नाही."

"मग घोळही हजारांनी होईल."

त्या प्रकरणानंतर एकनाथरावांनी पेटीवर चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली होती. जितके वाचणारे, तितक्या चिठ्ठ्या. उठणाऱ्याने आपली काढायची. शेवटची निघाली की मगच पेटीला हात. दर्शन कॉम्प्युटरकडे वळला. त्याने प्रत्येक कप्प्याला एक आकडा जोडला; आकडा शून्यावर आला की मगच कप्पा नेटवर्कच्या कार्डाला परत, नवी माहिती भरायला.

रविवारी दुपारपर्यंत गोंधळ थांबला, पण माहिती गळू लागली. नोंद ठेवणारा संथ. कप्पे त्याच्याकडे अडकलेले, आणि नव्या पाकिटांना जागाच नाही.

"तुमच्याकडे कोणी पेटी अडवून बसला तर?" या वेळी दर्शनने स्वतःहून विचारलं.

"त्याला नकल करून द्यायची आणि पेटी सोडवायची. दुसरं काय?"

 दर्शनने तेच केलं. संथ वाचणाऱ्यापुरती नकल, बाकीच्यांना मूळ कप्पा.

रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटर रिक्षात घालून दोघं परेशभाईंच्या एसटीडी बूथवर गेले. घरी फोन नव्हता.

"आख्खं बिऱ्हाड आणलं काय?" परेशभाई म्हणाले. "फोन काढा, काय पण लावा. मीटर थांबणार नाय हां!"

फोनच्या तारेवरून एकोणीस मिनिटांत प्रोग्रॅम मुंबईला पोहोचला.

सोमवारी दुपारी दर्शनने बूथवरूनच दीप्ती मॅडमना फोन लावला. चाचणी पास झाली होती. काम त्याच्याकडेच राहिलं. अहवालात लिहायला त्यांनी विचारलं, "नकल अजिबात होत नाही ना?"

दर्शनने वडिलांकडे पाहिलं. एकनाथराव बूथच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"जवळजवळ नाही," तो म्हणाला.

अहवालात 'अजिबात नाही' असं छापलं गेलं. एकनाथरावांनी त्याची प्रत मागवली. आली ती झेरॉक्स.

रविवारचं बिल एकशे सव्वीस रुपये झालं होतं. खिशात एकशे पंधरा निघाले. परेशभाईंचे अकरा रुपये अजून द्यायचे आहेत.