पंचाण्णव मिनिटं

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, हे आधी शाळेत शिकवत असणार. शाळेशी त्यांचा संबंध नववी नापास होण्यापुरता. ते मास्तर होते शिंप्यांमधले. वडिलांच्या दुकानात सतरा वर्षं पँटी शिवल्या, मग तयार कपड्यांनी दुकान खाल्लं, आणि मास्तर वेबसाईट बनवणाऱ्या ऑफिसात चिकटले. काम जुनंच, माप घ्यायचं. आधी छाती-कंबर होती, आता साईटला सर्व्हरवर किती जागा लागेल ते.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं. “आपली साधीच साईट आहे हो. काही फार नाही.” दाताचे डॉक्टर असोत, गाडी शिकवणारे असोत, सूर एकच. लग्नाच्या हॉलचे मालक आले होते तेव्हाही तेच.

“फोटो किती?” मास्तरांनी विचारलं.

“असतील की पाचसहा.”

“पाच का सहा?”

“म्हणजे हॉलचे पाचसहा. मग प्रत्येक लग्नाचे वेगळे.”

“आणि लग्नं किती?”

“ते काय, देवाच्या हातात.”

मास्तर पेन खाली ठेवायचे आणि समजावायला लागायचे. “हे बघा साहेब, केबी म्हणजे बटण. एका बटणात आपल्या चार-पाच ओळी मावतात, कारण आपल्या अक्षराला इंग्रजीच्या तिप्पट कापड लागतं. हजार बटणांचा एक शर्ट, तो एमबी. नीट आवरलेला फोटो अर्ध्या शर्टात बसतो, मोबाईलमधून काढून तसाच फेकलेला चार-पाच शर्ट खातो. हजार शर्टांचं एक कपाट, ते जीबी. खरं म्हणजे हजार चोवीस, पण ते वरचे चोवीस माझ्यावर सोडा.”

आणि मग त्यांचा नियम. अंदाजाने कात्री लावायची नाही. “एक खरा फोटो पाठवा. तुम्ही जसा चढवणार ना, अगदी तसाच. मी त्याचं वजन करतो, मग गुणतो, मग दीडपट धरतो. माणूस काय, साईट काय, अंगाने सुटतेच.” अकरा वर्षांत त्यांनी मापलेली एकही साईट तोकडी पडली नव्हती. साहेब नव्या पोरांना सांगायचे, मास्तर म्हणाले म्हणजे बसलं.

घरी मास्तर धाकट्या होते. असं म्हणणारी ताई. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत ताई आणि तिची तेरा वर्षांची मुलगी, बाहेरच्या खोलीत मास्तर आणि वडिलांचं शिलाई मशीन. मशीनवर आता कॉम्प्युटर होता. हिशोब करताना मास्तरांचा पाय आपोआप पायट्यावर जायचा आणि मशीन रिकामंच खडखडत राहायचं. मुलीला घरात टिचकी म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती तेवढीच होती. तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती.

ताई बसस्थानकावर घोषणा करायची. काचेच्या बूथमध्ये बावीस वर्षं. तिचा आवाज सगळं गाव ओळखायचं, तिला कोणीच नाही. भाजी घेताना ती “अर्धा किलो द्या” म्हणाली की भाजीवाल्याची नजर नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे जायची. घरीसुद्धा तोच थाट. “लक्ष द्यावे. फलाट क्रमांक स्वयंपाकघर येथे एक ताट अद्याप उचललेले नाही.” टिचकी आतून त्याच सुरात ओरडायची, “ताट वीस मिनिटे उशिराने धावत आहे.”

त्या वर्षी ताईचा आवाज बसला आणि उठेचना. आधी काढे झाले, मग गोळ्या, मग नळी घालून तपासणी. गाठ निघाली. सर्जन सभ्य माणूस होता, टेबलावरचा कागद सरळ करत बोलला. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. तीन आठवड्यांनी तारीख आहे.

“म्हणजे गाडी उशिराने सुटणार, का रद्द?” ताईने विचारलं.

सर्जनने मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाला, “रद्द.”

घरी आल्यावर जिन्यात ताई म्हणाली, “वीस दिवस आहेत. रोज अर्धा तास बोलून ठेवते. टिचकीसाठी. पुढे कधी विसरली तर.” विसरली तर काय, ते तिने सांगितलं नाही.

ताईचा फोन जुना, त्यात धड दहा फोटो मावत नव्हते. मास्तर म्हणाले, “मी साईट करतो. तू बोल, बटण दाब, फोनमधून थेट साईटवर जाईल. गेलं की फोनमधलं आपोआप पुसलं जाईल, म्हणजे जागा कायम मोकळी.” त्याच संध्याकाळी ते मशीनपाशी बसले. बोलण्याच्या एका मिनिटाला एक एमबी, हे त्यांना तोंडपाठ होतं. तीस मिनिटं गुणिले वीस दिवस, सहाशे. दीडपट, नऊशे. एक जीबी घेतलं की वर जागा उरते. दोन मिनिटांत माप झालं. घरचंच काम.

ताई दारात उभी होती. “मी रेकॉर्डिंग सगळ्यात वरच्या दर्जावर ठेवलंय हं. खरखर नको मला.”

“बरं केलंस,” मास्तर म्हणाले. ते तेव्हा पान सजवत होते. प्रत्येक तुकडा गेल्यावर हिरव्या अक्षरांत ‘पोचलं’ असं यावं, यासाठी त्यांना हिरव्याची नेमकी छटा मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ताई बूथसारखीच बसू लागली. दाराच्या फटीला टॉवेल. कपाटाची दारं उघडी, कारण टांगलेले कपडे आवाज घुमू देत नाहीत. स्टुलावर पाण्याचा पेला, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद: ‘दिवस १ ते ३ स्थानकाचं. दिवस ४ पासून टिचकीचं.’ तिच्या जागी अजून कोणी मिळालं नव्हतं, तोवर बूथमध्ये वाजवायला आकडे, वेळा आणि सूचना बोलून ठेवणार होती. मास्तर म्हणाले, आधी पोरीचं उरक. ताई म्हणाली, “आधी नोकरी, मग घर. बावीस वर्षं असंच जातेय मी. आणि तोवर गळाही तापेल.”

पाच-पाच मिनिटांचे तुकडे, दिवसाला सहा. प्रत्येकानंतर हिरवं ‘पोचलं’. शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज फाटक्या कागदासारखा झाला होता, तरी एक दिवस चुकला नाही. बंद दाराआड ती कधी हसायची, कधी खोकायची. टिचकी तेव्हा बाहेरच्या खोलीत पुस्तक उलटं धरून बसायची. ऐकायचं नाही असं ठरलं होतं. “मी समोर बसलेली असताना यंत्रातली कशाला?” ताईचं म्हणणं. शेवटचं ‘पोचलं’ आलं तेव्हा ती बाहेर आली आणि म्हणाली, “एकशेवीस झाले. आता काढा काय काढायचं ते.”

ऑपरेशन ठीक झालं. पंधरा दिवसांनी ताई घरी आली, गळ्यावर जाळीचा रुमाल, मांडीवर एक छोटी पांढरी पाटी आणि मार्कर. रविवारी सकाळी ती आत झोपली असताना टिचकीने साईट उघडली.

“मामा, पुढचं कुठेय?”

“कुठलं पुढचं?”

“पहिले तीन दिवस आहेत. चौथ्याचा एक तुकडा. पुढची पानं कोरी आहेत.”

मास्तर उठून मशीनपाशी बसले. जागेचा आकडा बघितला. एक जीबीपैकी एक जीबी. त्यांना वाटलं, आकडा चुकला असेल. मग त्यांनी एका तुकड्याचं वजन बघितलं. पाच मिनिटं, त्रेपन्न एमबी. खालचा पाय थांबला.

एका मिनिटाला एक नव्हे, दहाच्या वर. सगळ्यात वरचा दर्जा. एकोणीस तुकड्यांत कपाट गच्च भरलं, आणि त्यानंतरचे एकशे एक तुकडे दारापर्यंत येऊन परत गेले. फोन मात्र समजत होता की गेले, म्हणून मागचं पुसत होता. कारण ‘पोचलं’ हे मास्तरांनी फोनमधून निघालं की येईल असं लावलं होतं, सर्व्हरने ठेवून घेतलं की नव्हे. ऑफिसात हे कोणी केलं असतं तर त्यांनी त्याला दिवसभर उभं केलं असतं.

जागा भरत आल्याची पत्रंही ईमेलवर आली होती. ऐंशी टक्के, नव्वद टक्के, पूर्ण, मग रोज एक. गिऱ्हाइकांची अशी पत्रं ढिगाने यायची म्हणून मास्तरांनीच त्यांना एक वेगळा फोल्डर करून दिला होता. सोमवारी सकाळी बघायचा. गेल्या महिना-दीड महिन्यातले सोमवार ताईच्या तपासण्यांत आणि दवाखान्यात गेले होते.

त्यांनी सर्व्हरवाल्यांना फोन लावला. पलीकडचा मुलगा पाठ केल्यासारखा गोड होता. “सर, आपली अडचण समजली सर. पण जे आमच्याकडे आलंच नाही सर, ते आम्ही परत कुठून आणणार सर?” मास्तरांनी त्याचे आभार मानले. ताईचा फोन दुकानात नेला. दुकानदाराने तासाभराने परत दिला आणि म्हणाला, याच्यावर रोज नवीन लिहिलं गेलंय, खालचं काही उरलं नाही.

दुपारी ताई जागी झाली. मास्तर तिच्या पलंगाच्या कडेला बसले. टिचकी दारात.

“ताई, मी माप चुकलो.”

ताईने पाटी घेतली. ‘किती राहिलं?’

“पंचाण्णव मिनिटं.”

‘कुठली?’

“पहिले तीन दिवस. आणि चौथ्याचा पहिला तुकडा.”

तिच्या गळ्यातल्या भोकातून श्वास जरा मोठ्याने आला, एवढंच. तिने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ‘मी सांगितलं होतं, वरच्या दर्जावर ठेवलंय.’

“हो.”

‘तू बरं केलंस म्हणालास.’

“हो.”

परक्या माणसाकडून ते एक खरा फोटो मागवत. हिच्याकडून एक तुकडा मागितला असता, पाच मिनिटांचा, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिने झापावं असं मास्तरांना फार वाटलं. पूर्वी ती झापायची तेव्हा खालचे बिऱ्हाडकरूसुद्धा रेडिओ बारीक करायचे. आता रागाचं वाक्य लिहून होईपर्यंत त्यातली धग जायची, आणि ती हात खाली ठेवायची.

“लावू का?” टिचकीने विचारलं.

ताईने मान डोलावली.

आधी चुकून पहिल्या दिवसाचं लागलं. आवाज बसलेला, पण रेकॉर्डिंग स्वच्छ, यंत्राची काडीची खरखर नाही. ‘एक. दोन. तीन. चार.’ टिचकीने ते एकोणतीसपर्यंत चालू दिलं. मग चौथ्या दिवसाचा तुकडा लावला.

स्टूल सरकल्याचा आवाज. खाकरणं. ‘हं. टिचके. आता तुझं.’ बराच वेळ शांतता. मग मागे काहीतरी खडखडत असल्याचं ऐकू आलं, आणि ताई म्हणाली, ‘धाकट्या, तो पाय थांबव. मशीन इथपर्यंत ऐकू येतंय. काय मोजतोयस एवढं?’ खडखड थांबली. ‘हां. तर टिचके, तुझे केस माझ्यासारखे दाट नाहीत, बाबांवर गेलेत. म्हणून वेणी घालताना आधी…’ खोकला आला. पाणी पिणं झालं. परत खोकला. मिनिटभर नुसता श्वास. ‘तीन भाग सारखे करायचे नाहीत तू. मधला जाड ठेव. का ते सांगते. आणि तुझ्या बाबांचं एक सांगायचंय, ते मी कधी कोणाला बोलले नाही. पण ही पाच मिनिटं संपली. पुढच्यात सांगते.’

टिक् करून बंद झालं.

टिचकी पलंगावर चढून आईच्या पायाशी बसली. “पुढच्यात काय होतं?”

ताईने मार्करचं टोपण काढलं. ती लिहायला लागली, बारीक अक्षरांत, कडेपर्यंत. टिचकी ओठ न हलवता वाचत होती. पाटी भरली. ताईने पुसायला फडकं उचललं.

“थांब,” मास्तर म्हणाले. त्यांनी फोन काढून पाटीचा फोटो घेतला. मग तिथेच, उभ्याउभ्या, त्याचं वजन बघितलं. तीन एमबी आणि थोडं वर. ते बाहेर गेले, पेन घेऊन आले आणि ऑफिसात विचारतात तसं, तिच्याकडे न बघता विचारलं, “रोज किती पाट्या होतील?”

ताईने पाटी पुसली. लिहिलं, ‘चार-पाच.’

“चार का पाच?”

‘पाच.’

“आणि दिवस किती?”

पुढची तपासणी गुरुवारी होती. ताईने मार्कर पाटीवर टेकवला, तसाच ठेवला, आणि मग लिहिलं, ‘ते देवाच्या हातात.’

टिचकीने फडकं आईच्या हातातून हळूच काढून घेतलं. मास्तरांनी त्या पाटीचाही फोटो घेतला. कागदावर त्यांनी पाच लिहिलं, त्यापुढे गुणिलेची फुली काढली, आणि पुढची जागा मोकळी ठेवली.