चार बोटांची जागा

१९८७ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, माझी थोरली बहीण शकुंतला आमच्या परभणीच्या घरातल्या टबमधून पाऊण तास उठू शकली नाही. त्यातली शेवटची वीस मिनिटं टबमध्ये पाणी नव्हतं. घरात त्या वेळी तिघं होतो — ती, माझी बायको सुनंदा आणि मी.

मी तेवीस वर्षं बातमीदारी केली. या सदरात येणारे अनुभव आजवर मी वाचले ते त्यांतल्या चुका शोधण्यासाठी, आणि बहुतेकदा त्या दुसऱ्या परिच्छेदातच सापडल्या. माझ्या लिखाणातली चूक मला अजून सापडलेली नाही. कुणाला सापडली तर बरंच होईल.

अक्का ताडकळसच्या शाळेत शिकवायची. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शाळा हाच तिचा संसार. आदल्या दिवाळीत ती शेताच्या बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण सांधा आखडला. ती आमच्याकडे आली ती दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास छातीपर्यंत कोमट पाण्यात पडून राहायचं आणि पाण्यातच पाय हलवायचा. जूनपर्यंत फरक पडला तर पडला.

जूनमध्ये शाळा उघडणार होती. अक्काचं सगळं त्या एका महिन्यावर अडलं होतं.

"खुर्चीत बसून शिकवीन म्हणलं तर हेडमास्तर हो म्हणतील," ती म्हणाली, "पण पोरं मला उचलून वर्गात न्यायलीत, हे मी बघणार न्हाई. त्याच्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

टब ही आमच्या घरात कुणी न पाहिलेली वस्तू. मी शोधाशोध सुरू केली. हैदराबादहून एका ओळखीच्या माणसाने फायबरच्या टबांची चित्रं पाठवली. ते गुळगुळीत, धरायला काही नाही, अक्का घसरलीच असती. गवंडी म्हणाला, सिमेंटचा हौद बांधून देतो. त्याने पाठीचा उतार म्हणून जे काढून दाखवलं ते गुरांच्या दावणीसारखं होतं. मग पूर्णेच्या लतीफमामूंचा निरोप आला. त्यांचं भंगाराचं आवार. रेल्वेच्या एका जुन्या बंगल्यातून निघालेले दोन बिडाचे टब त्यांच्याकडे पडून होते, आतून पांढरे, खाली चार पाय.

आम्ही तिघं गेलो. सकाळचे दहा वाजले होते. दोन्ही टब लिंबाच्या सावलीत ठेवलेले.

"लेट के देखो बाई," लतीफमामू म्हणाले. "चप्पल लेते वखत भी पाव डाल के देखते ना? ये तो पूरे आदमी का मामला है."

मी आणि सुनंदाने अक्काला लुगड्यासकट पहिल्या टबात ठेवलं. तो लांब होता. तिचे पाय दुसऱ्या टोकाला पोचेनात, ती खाली घसरत गेली आणि मान लोंबायला लागली.

"ह्यो साहेबाच्या उंचीचा हाय. मला काढा ह्याच्यातून, हसू आलं तरी कंबर दुखायलीय."

दुसरा टब आखूड, पाठ जवळजवळ सरळ. लतीफमामूंनीच सांगितलं की तो कुणी पसंत करत नाही, सगळ्यांची कंबर अवघडते. अक्का त्यात बसली, मागे रेलली आणि गप्प झाली. पाच-सहा महिन्यांत तिला न कण्हता पडलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"दिगू," ती डोळे मिटून म्हणाली, "ह्योच घे. पाठीला कुणीतरी धरल्यावानी वाटायलंय."

मी बाजूला उभा होतो. तिची पाठ आणि टब यांच्यामधून मला पलीकडचा पांढरा मुलामा दिसत होता. खांदे टेकलेले नव्हते, कंबर टेकलेली नव्हती. मधे चार बोटं जागा होती. ती रेललेली होती आणि कशालाच टेकलेली नव्हती.

हे मी पाहिलं. विचारलं मात्र नाही. तिचा चेहरा इतका निवांत होता की मला विचारायचं नव्हतं.

अक्काला बाहेर काढल्यावर रिकामा टब काट्यावर चढवला गेला, कारण भंगार वजनावर जातं. लतीफमामूंनी चिठ्ठीवर आकडा लिहिला — १८३ किलो. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे.

टब न्हाणीत बसला. परभणीत तेव्हा नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, त्यामुळे उन्हाळ्यात कुठल्या कामाला किती बादल्या लागतात हे प्रत्येक बाईला पाठ असे. सुनंदाचा हिशोब पक्का होता. टबात अकरा बादल्या. पाणी जिथे आलं तिथे तिने तिच्या नेलपॉलिशने लाल रेघ मारली. अंघोळ झाली की तेच पाणी बादलीने उपसून परसातल्या झाडांना. बूच काढून मोरीत सोडून देणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

पहिल्या दिवशी अक्का जुनं पातळ नेसून पाण्यात उतरली.

"झोपवून अंघोळ माणसाला एकदाच घालत्यात, सुनंदा," ती म्हणाली. "मला तर तुमी रोज घालायलाव."

"काहीतरीच काय बोलताव, अक्का."

"खरंच की. फक्त मला उठायची मुभा हाय."

चौथ्या दिवशी सुनंदाने मला न्हाणीत बोलावलं. अक्का कपडे बदलून खाटेवर पडली होती. टबात कुणी नव्हतं. पाणी लाल रेघेच्या वीतभर वर होतं.

"माणूस आत गेलं की पाणी चढतं, बाहेर आलं की उतरतं," ती म्हणाली. "हे उतरलं न्हाई. पहिल्या दिवसापासून उतरंना."

मी म्हणालो, तू बादली जास्त ओतली असशील.

"मग उपसा तुमी. मोजा."

मी उपसलं. अकरा बादल्या निघाल्या. बाराव्या बादलीला पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरताना मी स्वतः मोजलं. अकरा बादल्या, पाणी बरोबर रेघेवर. आधी मी स्वतः आत बसलो, पाणी चढलं. उठलो, रेघेवर आलं. मग अक्का बसली, चढलं. अक्का उठली आणि पाणी होतं तिथेच राहिलं. मी काठाशी उभा राहून वीस मिनिटं पाहिलं. पाणी स्थिर नव्हतं. अगदी बारीक, ठरावीक अंतराने ते मुलाम्यावर किंचित वर जायचं, किंचित खाली यायचं. मी न्हाणीचं दार लावून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. न्हाणी रिकामी होती.

टब त्याच दिवशी घराबाहेर काढायला हवा होता. काढला नाही, कारण त्याच दिवशी संध्याकाळी अक्का काठी धरून स्वतःच्या पायाने स्वयंपाकघरापर्यंत आली.

"बघ दिगू," ती म्हणाली, "आणखी पंधरा दिवस. मग मी फळ्यापाशी उभी राहते."

आम्ही तिला काही सांगितलं नाही. सुनंदा मात्र तेव्हापासून अंघोळ होईपर्यंत न्हाणीतच पाट टाकून बसायची. पाण्याकडे पाठ करून.

त्या मंगळवारी मी नामांतराच्या सभेच्या बातमीसाठी जिंतूरला गेलो होतो. पहिल्या एसटीने गेलो, दुपारी परत आलो. घरात शिरलो तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. सुनंदा न्हाणीच्या दारात उभी होती. तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं.

"अहो, अक्का उठंनात. दहा मिनिटं झाली वढायलेय."

ती मोजणी सोडली तर अक्का पाण्यात असताना मी आत जात नसे. त्या दिवशी गेलो. अक्का पाण्यात मागे रेललेली होती. चेहरा पांढरा.

"पाय आखडला का?"

"पाय चांगला हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मागून धरलंय."

आम्ही दोघांनी तिच्या काखेत हात घालून ओढलं. अठ्ठेचाळीस किलोची बाई. ती बोटभरही हलली नाही. वेदना होत नव्हत्या, असं तिने नंतर सांगितलं. लहान मूल मांडीतून उतरायला लागलं की आई जितक्या जोराने धरते, तितक्याच जोराने धरलं होतं.

मला सुचलं ते मी केलं. बूच काढलं. पाणी जायला दहा मिनिटं लागली. टब कोरडा झाला, भोकाशी शेवटचा आवाज झाला, आणि अक्का होती तशीच रेललेली राहिली. भिजलेलं पातळ पाठीला चिकटलेलं. पाठीमागे चार बोटं रिकामी जागा, तिच्यापलीकडे पांढरा मुलामा.

मी त्या जागेत हात घातला.

बोटं आत गेली आणि मधेच थांबली. हाताला लागलं ते बीड नव्हतं आणि अक्काची पाठही नव्हती. कोमट होतं. दाबलं तर दबत होतं. मग ते आपणहून माझ्या हातावर दाबलं गेलं आणि मागे गेलं. पुन्हा दाबलं गेलं, पुन्हा मागे गेलं. मी हात काढून घ्यायला हवा होता. का कोण जाणे, मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मोजलं. मिनिटाला सतरा. अक्का तेव्हा भीतीने धापा टाकत होती. तिचा श्वास याच्या दुप्पट होता.

मग मी हात काढला. मी भिंतीला टेकून खाली बसलो. आरडाओरडा करून शेजारी बोलवावेत, हेही मला सुचलं नाही.

पुढचं सुनंदाने केलं. ती टबाच्या डोक्याकडच्या बाजूला गेली, डोक्यावर पदर घेतला आणि अक्काच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेकडे पाहून बोलली. घरी आलेल्या अनोळखी बाईशी बोलावं तसं.

"बाई, कोण असाल त्या. तिला सोडा. तिची शाळा हाय, लेकरं वाट बघायलीत तिची." मग जरा थांबून, "एकट्याला करमत नसंल तर तुमी बी चला तिच्यासंगं."

अक्का एकदम पुढे कलंडली. मी तिला धरलं. घड्याळात दीड वाजला होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी सुनंदाला विचारलं, ते शेवटचं कशाला म्हणालीस?

"आलेल्या बाईला 'जा' म्हणत न्हाईत आपल्यात," ती म्हणाली. "तोंडात तेच आलं."

टब दोन दिवसांनी पूर्णेला परत गेला. लतीफमामूंनी रिवाजाप्रमाणे तो काट्यावर चढवला, माझ्या चिठ्ठीवरचा आकडा पाहिला आणि टबाभोवती एक फेरी मारली. चारही पाय मोजले. आत वाकून पाहिलं.

"साहब, काट के बेच दिये क्या थोडा?"

काटा १३२ दाखवत होता. त्यांनी काट्यावर वजनं ठेवून काटा तपासला. बरोबर होता. टब पुन्हा चढवला. पुन्हा १३२. एक्कावन्न किलो कमी, आणि टबाचा टवकाही उडालेला नव्हता.

"इसमें था क्या?" त्यांनी विचारलं.

मी उलट त्यांनाच विचारलं, त्या बंगल्यात कोण राहायचं. ते म्हणाले, बंगला कित्येक वर्षं कुलूपबंद होता, एवढंच त्यांना ठाऊक. मी नंतर पूर्णेत जुन्या माणसांना भेटलो, चुडाव्याला एका निवृत्त गँगमनकडे गेलो. टबात कुणी मेल्याचं, बुडाल्याचं कुणालाही आठवत नाही. ज्याला बातमीत आधार म्हणतात, तसं काहीही मला मिळालं नाही. कारण मी आजही सांगू शकत नाही.

अक्का जूनमध्ये ताडकळसला गेली. पहिल्या दिवशी काठीशिवाय शाळेत चालत गेली आणि फळ्यापाशी उभी राहिली. पत्रात लिहिलं — पाठ आता मुळीच दुखत नाही.

दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो. सकाळचे साडेनऊ. अक्का ओसरीवर पाय पसरून, मागे रेलून वह्या तपासत होती. शेजारी माझ्यासाठी चहा ठेवलेला.

"बस की दिगू, उभा का?" ती वहीतून डोकं न काढता म्हणाली. "ह्या पोरानं बघ, नऊ साते किती लिहिलंय."

मी तिच्या बाजूला बसलो. तिची पाठ आणि ओसरीची भिंत यांच्यामधून भिंतीचा चुना दिसत होता. मी हात मागे नेला. चार बोटं आत गेली आणि थांबली. कोमट होतं.

मी घड्याळ पाहिलं. अक्काचा श्वास मिनिटाला चौदा होता. हाताला लागत होते ते सतरा.