माझ्या साडूंचे कान

सातारा-सांगली पट्ट्यात आजवर ज्यांना म्हणून दोन कान लाभले, त्या सर्वांत माझ्या थोरल्या साडूंचे कान श्रेष्ठ आहेत, असे खुद्द साडूंचे मत होते, आणि बरीच वर्षे ते माझेही होते. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस पलूसला ऊस पिकवतो आणि उरलेल्या वेळात ऐकतो. गाणे ऐकतो असे मी म्हणत नाही. तो स्पीकर ऐकतो. घरातल्या सर्वांत मोठ्या खोलीत माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, भिंतींवर जाड गोधड्या आणि बरोबर मध्ये एकच खुर्ची. तिचे चारही पाय कुठे टेकावेत हे फरशीवर रंगाने आखलेले आहे. एकदा मी ती वीतभर मागे सरकवली, तर कळवळून म्हणाले, "आवं पाव्हणं, तबलजी भितीत गेला की!"

अशा माणसाने स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा भावकीला धक्का बसला. मला नाही. त्यांच्यासारखेच स्पीकर ऐकणाऱ्या दोस्तांचे एक श्रोतेमंडळ होते; त्यातल्या दोघांकडे, एक सांगलीचे, एक साताऱ्याचे, असल्या गाड्या होत्याच. ही मंडळी गाडीसुद्धा कानाने निवडतात. साडूंनी जुनी, लाल, दोनच माणसांची गाडी आणली आणि पहिल्याच दिवशी तिच्यातला स्टिरिओ उपटून टाकला. "गवयापुढं रेडिओ लावायचा व्हय?" गाडी जमिनीपासून चार बोटे उंच. त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाशी सुभेदार उतरत, दोन फळ्या मांडत, गाडी पार करत, पुन्हा उतरून फळ्या गोळा करत. ट्रॅक्टरवाले थांबून विचारत, "सुभेदार, काय हुडकताय?" त्या चेहऱ्यावरची प्रतिष्ठा मात्र तसूभरही ढळत नसे. थाटामाटाची मला मनापासून चीड आहे, पण वाकून फळ्या उचलणाऱ्या त्या थाटाला मी मनातल्या मनात सलाम ठोकी.

मग त्यांच्या सिस्टीमचा वरचा आवाज दबू लागला. झांज ऐकू येईना. त्यांनी वायरी बदलल्या, छोटे स्पीकर बदलले, बटणे शेवटपर्यंत पिळली. श्रोतेमंडळ आले, आळीपाळीने त्या खुर्चीत डोळे मिटून बसले आणि एकमताने म्हणाले, अजून दबलेलाच आहे. सगळे सत्तरीच्या आसपासचे. माझ्या तर दाढा शिवशिवत होत्या. पण एवढ्या जाणकारांपुढे मी माझेच कान अडाणी ठरवले.

एका दुपारी ते मला कऱ्हाडच्या दिशेने फिरवायला घेऊन निघाले. इंजिनाचा तिसरा सिलिंडर कसा किंचित उतरा लागतोय ते समजावत असताना मागून एक दूधवाला मोटारसायकलवर सारखा हॉर्न वाजवत होता. मला वाटले, ऐकू येतच असणार. सुभेदारांनी थेट उजवीकडे वळवली. दूधवाला रस्त्याकडेच्या उसात गेला, किटली आडवी झाली, आणि उसातून आवाज आला, "म्हाताऱ्या, कान इकून गाडी घेतली का रं?"

परतीच्या वाटेवर सिलिंडरचा विषय निघाला नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले, वरचे सूर केव्हाच गेलेत, तोफांनी नेले. पावट्याएवढे यंत्र मिळाले. ते कानात घालून सुभेदार आपल्या खुर्चीत बसले आणि गाणे लावले. दहा सेकंदांत बंद केले. दारात माझी मेव्हणी उभी होती.

"एवढं कर्कश वाजत हुतं?"

"व्हय."

"आन् तू बोलली न्हाईस?"

"तुमी डोळं मिटून बसायचा. लय बरं वाटायचं बघून."

त्यानंतर महिनाभर खोलीला कुलूप होते आणि गाडीवर ताडपत्री. गाडी कुणाला तरी देऊन टाकतो, असे त्यांनी फोनवर सांगितले, तेव्हा आवाज अगदी साधा होता. मला तो सहन झाला नाही. मी पलूसला गेलो. अंगणात ताडपत्री निघालेली होती, बॉनेट उघडे होते आणि इंजिन चालू. मेव्हणी पदर खोचून इंजिनाशी कान लावून उभी, आणि सुभेदार तिच्या तोंडाकडे बघत.

"खरखर हाय का?"

"न्हाई."

"आन् शिट्टीवानी काय?"

"बारीक हाय. आता गेली."

इंजिनातले तिला ओ की ठो कळत नाही. पण "आता बरी वाजती" असे ती म्हणाली आणि त्या जाणकार माणसाने, वाद न घालता, समेवर आल्यासारखी मान डोलावली.