ढोलाची धडधड आन माही

राजेहो, ट्रम्पेटात थुंकी जमते, पायलं का कदी? वाजवता वाजवता थेंब थेंब साचते, आन मधून मधून उलटा करून झटकला नाई तं सूर घरघरते. बँडातले किस्से बी तसेच. मी दोन सालापासून अकोल्याच्या जुन्या शहरात हनीफचाचाच्या बँडात हाओ. नववीत शाळेनं मले सोडलं का म्या शाळेले, यावर घरी अजून वाद हाये. माह्यात लय साचले, आज जरा झटकून घेतो!

*

पयला किस्सा माह्या छातीचा. तवा मी ट्रम्पेट शिकून राहिलो होतो. वरात मोर्णा नदीच्या पुलावर आली, आन एकदम छाती अशी धडधडाले लागली का आतून कोनी दार ठोकून राहिलं. हातापायाले मुंग्या, तोंड कोरडं, श्वास अर्ध्यातच अडकला. म्या म्हनलं, गेलो! नवरदेवाच्या घोड्याच्या पायापाशीच बसलो.

मायनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीले वायरी लावल्या, कागद काढला, म्हने, "हार्ट एकदम फस्क्लास. टेन्शन हाये हे. कशाचं टेन्शन घेतं बे इतकं?"

आता काय सांगू? मलेच मालूम नाई! जेवताना येते, आंघोळ करताना येते. बिनबोलावल्या पाव्हन्यासारखं येते आन चहा पेल्याबिगर जात नाई.

माय मधातच बोलली, "डॉक्टरसाहेब, ह्या पोट्ट्याचं टेन्शन तं समदं माह्याजवळ हाये! ह्याच्याजवळ कुठून आलं?"

*

मंग चाचानं ट्रम्पेट काढून घेतला. हनीफचाचा म्हंजे बँडाचा मालक, आमचा उस्ताद, पुढं एकटा चालून ट्रम्पेट वाजवनारा. त्याचा सूर फुटलेला कोनी आयकला नाई. मले त्यानं खुळखुळे देले.

"बस हलवत जा. याले श्वास लागत नाई."

शिकाची गरजच पडली नाई. हात तं माहे तसेबी हालूनच राहिले होते!

*

तरी वरातीत छाती सुरूच. शंकरभाऊ आमचा ढोलवाला, पोट ढोलापेक्षा मोठं. त्याले सांगतलं, "भाऊ, मले मरते वाटते."

शंकरभाऊ म्हने, "माह्या बाजूले उभा राय."

"त्यानं काय होईन?"

"अबे, ढोल वाजला का कोनाची धडधड कोनती, थे कोनाले समजते?"

खरं सांगतो, डॉक्टरच्या गोळीनं झालं नाई थे ढोलानं झालं! तवापासून माही जागा ठरली. ढोलाच्या उजवीकडं, दोन हातावर. घरी बसलो का आयकू येते फक्त माहीच छाती. म्हनून लगनाच्या तिथ्या नसल्या तरी मी चाचाच्या दुकानावर जाऊन बसतो.

*

मले एक आदत लागली. डाव्या हाताचं मनगट पकडाचं आन नाडी मोजाची. दर पाच मिंटानं, नाई तं अंगठ्यानं बोटाची टोकं मोजत राहाचं. एका वरातीत एक बुडा पाव्हना मले लय वेळचा पाहून राहिला होता. त्याले वाटलं पोट्टा घडी पाहून राहिला. लगनाचा मुहूर्त टळत होता. जवळ आला, म्हने, "काहो बाबू, किती झाले?"

म्या म्हनलं, "एकशे चौदा!"

बुडा बिचारा मांडवाकडं धावतच सुटला.

*

मांगच्या साली पानी आलंच नाई. कपाशी जागेवरच करपली. पंचांगात तिथ्या भरपूर, पन लगनं नाईत. ज्याच्या त्याच्या घरचं लगन पुढच्या सालावर. आमी वर्दी घालून दुकानापुढं बसाचो, कोनी येईन म्हनून. हळूहळू मालूम पडलं का एकटा मीच नाई. कॉर्नेट, म्हंजे ट्रम्पेटाचा लहान भाऊ, वाजवनाऱ्या सलीमले पोटात आग, शंकरभाऊची झोप उडाली, साइड ड्रमवाल्याचं डोस्कं गरगरे. एक दिवस दुकानावरून तसेच उठून समदे एकसाथ दवाखान्यात गेलो. लाल वर्दी, सोनेरी झालरी, बाकावर रांगेत पाच जन!

डॉक्टर बाहेर आला, आमाले पाहून दचकला. "काहून हो, कोनाचं लगन हाये इथं?"

शंकरभाऊ म्हने, "कोनाचंच नाई साहेब. हीच तं बीमारी हाये!"

चाचा तेवढा आला नाई. म्हने, "मले काई होत नाई."

*

आता चिंचेचा. थे साल करपाच्या आंदी शेंदूरजनाघाटले संत्र्याच्या व्यापाऱ्याकडं लगन होतं. तुमाले मालूम नसन तं सांगतो, फुंकून वाजवनाऱ्याच्या पुढं उभं राहून चिंच खाल्ली का त्याच्या तोंडाले पानी सुटते आन बाजा खलास! म्या कॉर्नेटवाल्याच्या लाइनीपुढं गेलो, हिरवीगार चिंच काढली, मिटक्या मारल्या. सलीमच्या बाज्यातून असा आवाज निंगाला का नवरदेवाची घोडी लाजली!

चाचानं माह्या कानाचं खुळखुळं केलं. "पुन्हा वरातीत चिंच दिसली ना, तं वर्दी उतरवाची आन घरी जाचं. अल्लाची कसम, मंग घेनार नाई."

म्या कान पकडले. पन चिंच सोडली नाई. काहून का, त्या दिवशी मले एक समजलं. छाती धडधडाले लागली का चिंचेचं एक बुटूक जिभेवर ठेवलं तं जीव जागेवर येते. आंबट झनकन लागते ना, धडधड इसरून जाते. तवापासून एक चिंच वर्दीच्या आतल्या खिशात. चोरून खाचो, मान खाली घालून.

*

आता शेवटचा. अमरावतीले मोठ्ठं लगन. त्या करपलेल्या सालानंतरची आमची पयली तारीख. भरदुपारी मांडवाच्या दारात वरात थांबली. आता चाचाचं काम. समदे बाजे बंद, पुढं येऊन एकट्यानं ट्रम्पेटवर गान्याची सुरुवात कराची. पाव्हने गोल करून उभे. शंकरभाऊनं ढोलावरून हात उचलला. एकदम चुप्प.

चाचानं ट्रम्पेट ओठाले लावला. काईच नाई.

लोकाले वाटलं, मोठा कलाकार हाये, दम घेऊन राहिला. मी उजवीकडून पाहून राहिलो होतो. चाचानं गळ्याचं दुसरं बटन खोललं. मंग अंगठा एका एका बोटाच्या टोकाले लावला. करंगळीपासून सुरू, मंग परत. मानेवरून घाम. ओठ चाटले, तरी कोरडेच.

मले पुरा हिशोब मालूम होता. मीबी बोटं तशीच मोजतो.

कोनीतरी हासलं. नवरीचा मामा पुढं आला, "काहो, वाजवता का नाई?"

मी आतल्या खिशात हात घातला. चिंच काढली, गोलाच्या मधोमध गेलो, चाचाकडं पाठ केली आन कॉर्नेटच्या लाइनीपुढं अशी खाल्ली, अशी खाल्ली का डोये मिटून गेले! मिटक्याचा आवाज मांडवात गेला असन. सलीम हासून कोसळला. मांगचे हासत सुटले. म्या खुळखुळे डोक्यावर घेऊन नाचाले सुरुवात केली. समद्या लोकाचं लक्ष माह्याकडं!

"धरा रे त्याले!" शंकरभाऊ ढोलाची काठी घेऊन मांगं. मी मांडवाले दोन चक्कर मारले. पोट्टेसोट्टे शिट्या मारून राहिले. तवर चाचा ढोलगाडीच्या आडोशाले पायरीवर बसून पानी पेत होता, थे फक्त मले दिसलं.

तिसऱ्या चकरीले ट्रम्पेट वाजला. एकदम साफ.

*

वरात झाली. ढोलगाडीपाशी समदे जमले. शंकरभाऊ म्हने, "चाचा, याले आजच काढा. तुमी कसम खाल्ली हाये."

सलीम म्हने, "नाक कापलं आपलं!"

चाचा म्हने, "वर्दी उतरव."

म्या झालरीचं जाकीट काढून त्याच्या हातात देलं. छाती तं तवा दोनशेच्या वर असन, मोजली नाई.

चाचानं आतल्या खिशात हात घातला. उरलेली चिंच काढली, मधातून मोडली. एक तुकडा सोताच्या खिशात ठेवला, एक परत माह्या जाकिटात. मंग खिसा बोटानं चाचपून पायला आन जाकीट माह्या आंगावर फेकलं.

"खिसा फाटला बे याचा. उद्या शिवून आन, चिंच पडन."